एका शब्दाची तीन कामे

स्पॅनिश भाषकांना इंग्रजी शिकवणे हा माझा व्यवसाय. आपल्या विद्यालयाच्या स्मरणिकेत त्याविषयी काय लिहावे, असा प्रश्न पडला होता. परंतु या कामाची मुळे इथल्याच वर्गखोल्यांत आहेत, म्हणून हे चार शब्द.

माद्रिद येथील सायंकाळच्या वर्गात माझ्यासमोर नोकरदार प्रौढ बसतात. कुणी परिचारिका, कुणी स्वयंपाकी, कुणी वाहनचालक. अनेकांना आयर्लंड वा इंग्लंडमध्ये काम हवे असते. मोठमोठे शब्द ते सहज आत्मसात करतात आणि अडखळतात ते 'इन', 'ऑन', 'अ‍ॅट' या तीन चिमुकल्या शब्दांपाशी.

कारण स्पॅनिशमध्ये या तिघांचे काम बहुधा 'एन' हा एकच शब्द करतो. माद्रिदमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, बसथांब्यावर, कपाटात, टेबलावर, सर्वत्र 'एन'. मग 'औषध टेबलावर आहे' हे सांगताना तोंडून 'इन द टेबल' निघते. इंग्रजीत रुग्ण 'इन बेड' असेल तर तो पांघरूण घेऊन झोपलेला, 'ऑन द बेड' असेल तर बिछान्यावर बसलेला वा नुसता आडवा झालेला. स्पॅनिशमध्ये दोहोंना 'एन ला कामा' चालते. रुग्णालयात नोकरी करू पाहणारीला हा भेद क्षुल्लक नाही.

म्हणून त्यांना आत आणि वर यांतील फरक कळत नाही, असे मात्र नव्हे. गरज पडली की 'आत'साठी 'देन्त्रो दे' आणि 'वर'साठी 'एन्थिमा दे' त्यांच्यापाशी आहेच. त्यांची भाषा तो फरक दर वेळी सांगायला लावत नाही, इतकेच. मी हेच आधी सांगतो. नंतर फळ्यावर तीन आकृत्या काढतो : बिंदूसाठी 'अ‍ॅट', पृष्ठभागासाठी 'ऑन', बंदिस्त जागेसाठी 'इन'. थांबा हा बिंदू, मजला हा पृष्ठभाग, शहर ही सीमा असलेली जागा. मोटारीला 'इन' आणि बसला 'ऑन' का, असे कुणी विचारतेच. ज्या वाहनात उभे राहून चालता येते त्याला बहुधा 'ऑन', ही खूण उपयोगी पडते. बाकीचे सरावावर सोपवावे लागते.

ही रीत मला पुस्तकातून मिळाली नाही. आमच्यापैकी बहुतेक मुले घरातील पहिली शिकणारी होती. आम्ही 'पानी' म्हणत असू, आणि गावच्या शाळेत त्यावर हशा पिकत असे. येथील मराठीच्या गुरुजींनी 'पानी' आणि 'पाणी' हे दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी लिहिले आणि म्हणाले, पहिला तुमच्या आईचा, दुसरा पुस्तकाचा; दोन्ही सांभाळा. त्या दिवसानंतर वर्गात बोलण्याचे भय उरले नाही.

'घरी' आणि 'घरात' यांतील सूक्ष्म भेद आपले लहान मूलही न शिकवता पाळते. प्रत्येक भाषेने जागेची वाटणी आपापल्या परीने केलेली असते. दुसऱ्याची वाटणी शिकताना आपली हीन ठरत नाही. पालकांनी एवढे मुलांच्या मनावर बिंबवले, तर परकी भाषा त्यांना जड जाणार नाही आणि घरच्या बोलीची लाजही वाटणार नाही.