चेंडू फ्रेमबाहेर

१.
नियम एकच: फोटोत चेंडू दिसता कामा नये. फलंदाज शक्यतो नकोच. मोठी लेन्स परवडत नाही, हेही एक कारण आहे. पण प्रकल्प म्हटलं की बरं वाटतं.

२.
आझाद मैदान, २२ खेळपट्ट्या. एका सामन्याचा डीप मिडविकेट दुसऱ्या सामन्याच्या स्लिपला पाठ लावून उभा. 'कॅच!' अशी आरोळी आली की तीन सामन्यांतली माणसं वर बघतात.

३.
थर्डमॅनचा पोरगा. चेंडू बराच वेळ त्याच्याकडे फिरकलेला नाही. बुटाच्या टोकाने तो गवत उकरतो. बाहीचं बटण लावतो, सोडतो, पुन्हा लावतो. कॅप्टन हात करून त्याला डावीकडे सरकवतो. चार पावलं जातो. कॅप्टनची पाठ वळताच तीन पावलं परत. झाडाची सावली तिथवरच आहे.

४.
माळी : "ओ काका, पीचवर पाय नको."
मी पीचपासून चांगला लांब होतो. त्याचं लक्ष दुसऱ्या पीचवर होतं. त्यावर मी उभा होतो.

५.
फेब्रुवारी १९८८, हेच मैदान, हॅरिस शील्ड. शारदाश्रमचे तेंडुलकर आणि कांबळी, ६६४ धावांची अभंग भागीदारी. धावफलकाशेजारचा त्यांचा फोटो सगळ्यांनी पाहिलाय. मला हवा होता तो अमोल मुझुमदारचा. पुढचा नंबर त्याचा. पॅड बांधून बसून राहिला, बॅटिंग आलीच नाही. पुढे रणजी पदार्पणात २६०, प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा, आणि भारताची टोपी नाही. २०२५ साली भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला तेव्हा प्रशिक्षक तोच होता. तेव्हाही सीमारेषेबाहेरच.

६.
त्या सामन्यात समोर असलेल्या सेंट झेवियर्सच्या क्षेत्ररक्षकांबद्दल कोणीच विचारत नाही.

७.
ब्रिस्बेन, १९६०. बरोबरीत सुटलेली पहिली कसोटी, शेवटचा धावबाद, रॉन लव्हिटचा फोटो. दर वेळी मी आधी स्टंपांकडे बघतो आणि मग स्वतःवर चिडतो.

८.
व्हिक्टर ट्रम्परचा तो झेपावून पुढे आलेला फोटो जॉर्ज बेल्डमने काढलेला. बेल्डम स्वतः मिडलसेक्सकडून खेळायचा. फोटो सामन्यातला नाही, ठरवून काढलेला. क्रिकेटच्या सर्वांत जिवंत फोटोंत त्याचं नाव घेतात. मी कोणालाही पोझ द्यायला सांगत नाही. न सांगताच देतात.

९.
कांगा लीग, १९४८ पासून. पावसाळी क्रिकेट, उघडी खेळपट्टी, आउटफिल्डचं गवत वाढलेलं. जमिनीलगतचा फटका गवतातच अडकतो, म्हणून उचलूनच मारायचं. एकदा चेंडू गवतात गडप झाला. क्षेत्ररक्षक, दोन्ही फलंदाज आणि एक अंपायर, सगळे वाकून शोधतायत. असा फोटो मागून मिळत नाही.

१०.
पांढरे कपडे, मागे काळा ढग. कॅमेऱ्याचा मीटर ढगाला भुलून उजेड वाढवतो आणि शर्टाची एकही सुरकुती उरत नाही. एक स्टॉप कमी करायचा. उन्हात मग उलटा हिशोब.

११.
मैदानाचा एक भाग आंदोलनांसाठी. तिकडे लाउडस्पीकरवर मागण्या, इकडे अकरा जणांचं अपील. दोन्हीकडे दादच मागतायत. इकडे निकाल लगेच लागतो.

१२.
स्कोअरर सगळ्यांत अवघड. मान वर करतच नाही. केलीच तर विचारतो, "बाय की लेगबाय?"

मीच सांगावं अशी त्याची अपेक्षा. मी चेंडू बघत नव्हतो.

१३.
पाऊस आला की सगळे तंबूत. कागदात गुंडाळलेले वडापाव फिरतात. दोन्ही संघ एकाच बाकावर, कोण कोणाविरुद्ध हे कळत नाही. सर्वांत चांगले फोटो इथलेच, पण काचेवर वाफ धरते.

१४.
थर्डमॅनच्या पोराला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. उत्तर आलं : "थँक्यू काका. बॅटिंगचा नाही का?"

तो अकराव्या नंबरला येतो. त्या दिवशी त्यांनी सहा बादवर डाव घोषित केला होता.