पायथ्याचा ओढा

अजिंठ्याला येणाऱ्या प्रवाशाची नजर लेण्यांकडे लागलेली असते. पायऱ्या चढून तो वर येतो, कातळातील एकेका दालनात शिरतो, अंधुक उजेडात पद्मपाणीच्या मुखावरील करुणा निरखतो आणि भारावून बाहेर पडतो. कठड्यापाशी क्षणभर विसावताना खाली दरी दिसते. दरीच्या तळाशी ओढा आहे, याकडे मात्र त्याचे सहसा लक्ष जात नाही. वैशाखात आलेल्याला तर ओढ्याची शंकाही येत नाही. उन्हाने तापलेले काळे धोंडे, खडकांच्या सांदीत साचलेली वाळू, एखाद्या डोहात उरलेले हिरवट पाणी, एवढेच त्याला दिसते. या ओढ्याचे नाव वाघूर. कोणी त्याला वाघोराही म्हणतात.

अजिंठ्याची डोंगररांग ही पाण्याची वाटणी करणारी रांग आहे. तिच्या दक्षिण उतारावर पडलेला पाऊस गोदावरीच्या खोऱ्यात उतरतो आणि अखेर बंगालच्या उपसागराला मिळतो. उत्तरेकडे घरंगळलेले पाणी तापीला मिळते आणि तिच्याबरोबर अरबी समुद्राकडे जाते. एकाच ढगातून, हातभर अंतरावर पडलेल्या दोन थेंबांचे प्रवास असे भारताच्या दोन टोकांना संपतात. वाघूर उत्तरेकडे वळलेल्या पाण्याची आहे. साग, सालई आणि पळस यांच्या विरळ रानातून ती वाहत येते. फाल्गुनात हे रान निष्पर्ण होते आणि पळसाच्या केशरी फुलांनी उतार पेटल्यासारखे दिसतात. तोवर ओढ्याचा आवाज मात्र थांबलेला असतो.

हा ओढा ज्या खडकातून वाहतो, तो लाव्हारसाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा उसळला, पसरला, थिजला; त्यावर पुन्हा नवा थर आला. असे थरावर थर साचून दख्खनचे पठार घडले. हे सगळे थर सारखे नाहीत. काही घट्ट आणि चिवट, तर काही बुडबुड्यांच्या पोकळ्यांनी भरलेले, ठिसूळ. त्या पोकळ्यांत पुढे पांढरे, हिरवट स्फटिक वाढले. असे दगड आजही अजिंठ्याच्या वाटेवर विकायला मांडलेले दिसतात. पाण्याला हा भेद बरोबर कळतो. ठिसूळ थर ते लवकर झिजवते, घट्ट थरावरून ते उडी घेते. दरीच्या माथ्याशी वाघूर अशा उड्या घेत खाली येते. प्रत्येक उडीच्या तळाशी पाण्याने कुंड कोरले आहे. या कुंडांना लोक सातकुंड म्हणतात.

कुंडांच्या खाली ओढा वळतो, आणि या वळणातच त्याचे खरे कर्तृत्व आहे. वळणावर पाण्याचा सारा जोर बाहेरच्या काठावर येतो. तो काठ खालून पोखरला जातो, वरचा खडक ढासळतो आणि उभा कडा तयार होतो. लाखो पावसाळे हेच चालले. त्यातून घोड्याच्या नालाच्या आकाराची दरी आणि सुमारे 76 मीटर उंचीचा कडा निर्माण झाला. अजिंठ्याची 30 लेणी याच कड्याच्या पोटात, अर्धवर्तुळात कोरलेली आहेत. पहिला कारागीर छिन्नी घेऊन आला, त्याच्या कितीतरी आधी ओढ्याने त्याच्यासाठी भिंत उभी करून ठेवली होती.

भिक्षूंनी ही जागा का निवडली असेल? व्यापारी मार्ग फार दूर नव्हते, तरी दरीत एकांत होता. शिवाय पावसाळ्यात भटकंती थांबवून एका जागी राहण्याचा त्यांचा नियम होता. त्याला वर्षावास म्हणतात. ज्या महिन्यांत भिक्षू स्थिर होत, त्याच महिन्यांत ओढा धावू लागे. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकांत काही लेणी कोरली गेली आणि पुढे पाचव्या शतकात, वाकाटक नृपती हरिषेणाच्या काळात, बाकीची. प्रत्येक लेण्यातून ओढ्यापर्यंत उतरणाऱ्या स्वतंत्र पायऱ्या होत्या. त्या आता बहुतेक नाहीशा झाल्या आहेत; कोठे कोठे खुणा तेवढ्या उरल्या आहेत. पण ओढा बारमाही नाही, हेही त्या लोकांनी ओळखले होते. म्हणून त्यांनी कातळात पाण्याची टाकी खोदली. भोवतालच्या निसर्गाने त्यांना आणखीही काही दिले. माती, भाताचे तूस आणि गवत यांचा गिलावा त्यांनी खडकावर चढवला; गेरू, पिवळी माती आणि हिरवी माती यांपासून रंग केले. निळ्या रंगासाठी लागणारा लाजवर्दी दगड तेवढा दूरदेशाहून आणावा लागला.

पुढे काम थांबले. काही लेणी अर्धवटच राहिली. भिक्षू गेले, रान वाढले. ओढा मात्र दर आषाढात येत राहिला. 28 एप्रिल 1819 रोजी जॉन स्मिथ हा इंग्रज लष्करी अधिकारी शिकारीच्या निमित्ताने येथे आला आणि समोरच्या डोंगरावरून त्याला लेण्याची कमान दिसली. परिसरातील लोकांना ती ठाऊक होतीच. जगाला मात्र त्यानंतर कळली. 1983 मध्ये ती जागतिक वारसा ठरली.

आज या वारशाच्या रक्षणकर्त्यांपुढे एक विलक्षण पेच आहे. ज्या पाण्याने हा कडा घडवला, तेच पाणी खडकाच्या भेगांतून पाझरते आणि दीड हजार वर्षांच्या चित्रांना ओल देते. पाण्याच्या दृष्टीने काहीच संपलेले नाही. त्याला कडा आणि चित्र यांतला भेद कळत नाही; ते आपले जुनेच काम पुढे नेत असते. ते थोपवायचे, तरी ओढा मारायचा नाही, अशी ही नाजूक कसरत आहे. कारण ओढा नसेल, तर उरेल ती चित्रे असलेली एक भिंत. ती जागा उरणार नाही.

दरीतून बाहेर पडलेली वाघूर जळगाव जिल्ह्यात जाते. तेथे तिच्यावर धरण आहे आणि जळगाव शहराला त्याचे पाणी मिळते. ज्या पाण्यासाठी भिक्षू पायऱ्या उतरत होते, त्याच प्रवाहाचे पाणी आज खानदेशातील घराघरांत नळाने येते. पिणाऱ्याला दरी आठवत नाही आणि दरी पाहणाऱ्याला नळ आठवत नाही. ओढ्याचे त्यावाचून काही अडत नाही. अडते ते माणसाचे. कारण जे विसरले जाते, ते जपले जात नाही.

म्हणून अजिंठ्याहून परतणाऱ्याने कठड्यापाशी थोडे अधिक थांबावे. लेण्यांकडे पाठ करावी आणि खाली पाहावे. तेथे पाणी नसले, तरी पाण्याचे काम दिसेल.