रायपूरचा आकडा

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला साध्या लंबकाचा प्रयोग असतो. दोरा, पितळी गोळा, मधोमध चिरलेला बूच, स्टँड, स्टॉपवॉच. दोऱ्याची लांबी बदलत जायची, वीस दोलनांचा वेळ मोजायचा आणि त्यावरून गुरुत्वीय त्वरण काढायचं, सेंटिमीटर प्रति सेकंद वर्गात. हा प्रयोग मी तीस वर्षं करून घेतला. त्यातली पहिली बारा वर्षं माझ्या प्रयोगशाळेत उत्तर एकच यायचं, 980. फार तर 981.

रायपूरचं खरं उत्तर 978.6 च्या जवळपास आहे. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर आहे आणि फिरतेही, म्हणून विषुववृत्ताकडे गुरुत्व थोडं कमी भरतं. पुस्तकातला 980.665 हा आकडा साधारण 45 अंश अक्षांशाचा. आपण 21 अंशांवर, समुद्रसपाटीपासून तीनेकशे मीटर उंच. मुलं हातानं मोजत होती रायपूरचं गुरुत्व आणि वहीत उतरवत होती कुठल्या तरी थंड प्रदेशाचं.

हे कसं व्हायचं, ते प्रयोगशाळेत उभ्या राहिलेल्या प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. उत्तर आधी लिहायचं, त्यावरून वेळ काढायचा, वेळावरून रीडिंग बसवायचं. "मॅडम, मान सही आ गया," असं सांगताना मुलांचे चेहरे उजळायचे. मला दिसत होतं, आणि तरी मी जर्नलवर सही करत होते. कारण वर्षाच्या शेवटी बाहेरचे परीक्षक येणार, ते आधी उत्तराचा रकाना बघणार, आणि तिथं 965 दिसलं तर माझ्याच मुलाचे मार्क जाणार. त्या मुलानं ते 965 कितीही इमानानं मोजलेलं असो.

मी रायपूरच्या शंकर नगरात राहते. सकाळी बी.टी.आय. मैदानाकडे फिरायला जाते, तेव्हा वाटेत शिक्षकच शिक्षक भेटतात. राज्य शैक्षिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषद इथंच, शासकीय शिक्षक शिक्षा महाविद्यालयही इथंच. खांद्याला पिशवी, हातात गुंडाळलेले तक्ते घेऊन पाठ द्यायला निघालेल्या बी.एड.च्या मुली मी वर्षानुवर्षं बघत आले. सातवीच्या वर्गासमोर उभं राहण्याआधी त्यांना कोणीतरी मागच्या बाकावर बसून बघतं, टिपणं काढतं, "फळ्याकडे पाठ करून बोलू नकोस" असं सांगतं. मला असं कोणी कधीच सांगितलं नाही. एम.एस्सी. झाले, निवड झाली, तिसऱ्या दिवशी साठ मुलांसमोर उभी राहिले. 1986 च्या शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठांतून शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी अकॅडमिक स्टाफ कॉलेजं निघाली, पुढे आमच्या पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठातही निघालं. तिथले वर्ग मी केले, काही व्याख्यानं आजही आठवतात. पण माझ्या प्रयोगशाळेच्या दारात त्यांतलं कोणी येऊन उभं राहिलं नाही. ती सोयच त्या योजनेत नव्हती.

आमच्या भागातल्या महाविद्यालयांचं विद्यापीठाशी नातं जुनं आहे, आणि लांबचंही. 1938 मध्ये रायपुरात छत्तीसगढ महाविद्यालय सुरू झालं तेव्हा ते नागपूर विद्यापीठाला जोडलेलं होतं. 1946 नंतर सागर विद्यापीठाकडे बघायचं. रायपूरचं स्वतःचं विद्यापीठ 1964 चं. म्हणजे घरातलं विद्यापीठ यायला 26 वर्षं गेली. गाव बदलत गेलं, नात्याचा शब्द मात्र तोच राहिला, संलग्नता. संलग्नतेत अभ्यासक्रम वरून येतो, प्रश्नपत्रिका वरून येते, आणि खालून उत्तरपत्रिका वर जातात. माणसं मात्र फारशी ये-जा करत नाहीत.

माणसं ये-जा करू लागली की काय होतं, हे मला पुण्याच्या आयुकानं दाखवलं. विद्यापीठ अनुदान आयोगानं 1988 मध्ये खगोलशास्त्राचं हे आंतरविद्यापीठ केंद्र उभं केलं आणि जयंत नारळीकर 2003 पर्यंत त्याचे संचालक होते. महाविद्यालयात शिकवणाऱ्या माणसालाही तिथं जाऊन राहता यावं, ग्रंथालयात बसता यावं, संशोधकांबरोबर काम करता यावं, अशी सहयोगी सदस्यांची पद्धत त्यांनी घातली. शिवाय आयुकानं निरनिराळ्या विद्यापीठांत आपली केंद्रं उघडली, त्यांतलं एक आमच्या रविशंकर विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात. त्या केंद्राच्या एका कार्यशाळेतून माझं पुण्याला जाणं झालं. आझाद हिंद एक्सप्रेसनं गेले. चार्ल्स कोरियांनी बांधलेल्या त्या इमारतीत फुकोचा लंबक आहे. लांब तारेवर जड गोळा, आणि त्याच्या झुलण्याची दिशा हळूहळू वळत जाते, कारण खाली पृथ्वी फिरते आहे. मी त्याच्यासमोर बराच वेळ उभी होते. आयुष्यभर लंबक शिकवला, पण लंबकाकडे शांतपणे बघायला मला पहिल्यांदा तिथं वेळ मिळाला.

जेवताना समोर बसलेल्या एका संशोधकांनी मला विचारलं, "तुमची मुलं चूक किती धरतात?" मला आधी प्रश्नच नीट कळला नाही. वर्गात आम्ही चूक म्हणजे चुकीचं उत्तर समजत होतो. त्यांच्या लेखी ती मोजमापाची अंगभूत गोष्ट होती, आकड्याच्या मागे अधिक-उणे लावून मानानं लिहायची. विमानतळावर वाट बघतानाही लोक आपल्या मोजमापाच्या अनिश्चिततेबद्दल बोलतील, अशा सहजतेनं ते बोलत होते.

रायपूरला परतल्यावर मी विद्यापीठातल्या एका सरांना हे सांगितलं. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. ते म्हणाले, "मी येतो तुमच्याकडे. पण भाषण द्यायला नाही. तुमच्या टेबलाशी मुलांबरोबर रीडिंग घेईन." आणि दर पंधरवड्याला ते बसनं आमच्या कॉलेजात यायला लागले.

पहिलं काम आम्ही केलं ते असं. आमच्या आणि ओळखीच्या पाच कॉलेजांतल्या जुन्या जर्नलांमधली लंबकाची उत्तरं गोळा केली आणि आलेखावर मांडली. 980 आणि 981 वर एक उंच सुई उभी राहिली, आजूबाजूला जवळजवळ सपाट. सर मुलांना म्हणाले, "इतक्या हातांनी, इतक्या वेगवेगळ्या घड्याळांनी मोजलं आणि सगळ्यांना एकच मिळालं. तुम्हाला पटतं का?" वर्गात कोणी बोललं नाही. त्या शांततेत मला माझ्या सह्या आठवल्या.

मग आम्ही सहाही कॉलेजांत प्रयोग एकाच रीतीनं करायचं ठरवलं. नियम मोजकेच होते. रीडिंग शाईनं, हिशोबाआधी, वहीतच. खोडायचं असेल तर एक रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. दोलनं वीस नाहीत, शंभर. स्टॉपवॉच दाबताना हात सेकंदाचा पाचवा भाग इकडेतिकडे होतो. एक मीटरच्या लंबकाची वीस दोलनं चाळीस सेकंदांत होतात, तिथं एवढी चूक उत्तरात एक टक्का फरक पाडते. शंभर दोलनांत ती पाचपट विरते. लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची, कारण मीटरमागे एक मिलिमीटर चुकला तरी उत्तर एकानं सरकतं. आणि झोका लहान ठेवायचा. या शेवटच्या नियमावर सरांनी अख्खा एक तास घालवला. मुलांना लंबक जोरात हलवायला आवडतो. दहा अंशांपर्यंत झोका गेला तर झुलायला लागणारा वेळ किंचित वाढतो आणि त्वरण जवळजवळ चारनं कमी दिसतं. "तुमच्या हाताचा उत्साह आकड्यात उतरतो," असं ते म्हणाले. माझ्या पुस्तकात "कोन लहान असावा" एवढंच वाक्य होतं, मीही तेवढंच सांगत आले होते. का लहान, आणि मोठा झाला तर नेमकं किती बिघडतं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

सहा कॉलेजांचे आकडे एकत्र मांडले तेव्हा सुई गेली होती. तिच्या जागी एक पसरट ढीग होता, 970 पासून 990 च्या पुढेपर्यंत. मुलांना तो आधी लाजिरवाणा वाटला. मग एका मुलीनं ढिगाच्या मध्याशी बोट ठेवून विचारलं, "ये अपना रायपुर है क्या?" अगदी छातीठोकपणे हो म्हणता येईल इतकी आमची साधनं बारीक नव्हती, आणि सरांनी तिला तसंच सांगितलं. पण एका कॉलेजच्या वीस मुलांना जे कधीच दिसलं नसतं, ते सहा कॉलेजांच्या मुलांना मिळून दिसायला लागलं होतं. त्यासाठी नवं यंत्र लागलं नाही, वह्या एकत्र आणाव्या लागल्या.

तरी हे सगळं एका वर्षात विरून गेलं असतं, जर सर स्वतः परीक्षक म्हणून गेले नसते. माझ्या मते खरी गाठ इथं होती. परीक्षेत गुण कशाला द्यायचे हे महाविद्यालय ठरवत नाही. विद्यापीठातला माणूस परीक्षकाच्या खुर्चीवर बसून 972 ला पूर्ण गुण देतो तेव्हा आसपासच्या सगळ्या प्रयोगशाळांत ती बातमी पोचते. त्यांनी तोंडी परीक्षेत एकच नवा प्रश्न सुरू केला, "तुझ्या या आकड्यावर तुझा किती भरवसा?" दुसऱ्या वर्षी इतर परीक्षकही तो विचारू लागले.

2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात संलग्नतेची पद्धत पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्यानं संपवायची, आणि तोवर विद्यापीठानं आपल्या महाविद्यालयांना हात धरून तयार करायचं, असं म्हटलं आहे. मला ते मनापासून हवं आहे. फक्त हात धरणाऱ्यानं बसचं तिकीट काढून यावं. आणि हे देणं एकतर्फी नव्हतं, सरांनी आमच्याकडून काय नेलं तेही सांगायला हवं. छत्तीसगढी बोलणाऱ्या मुलाला अनिश्चितता कशी समजवायची, हे त्यांना येत नव्हतं. ते आमच्या प्रयोगशाळा-सहायकानं दाखवलं, धानाच्या मापावरून. एकाच पोत्यातलं धान दहा जणांनी मापलं तर दहा जणांचं थोडं थोडं वेगळं भरतं, म्हणून कोणी कोणाला चोर म्हणत नाही. पुढे सर एम.एस्सी.च्या वर्गातही तेच उदाहरण देत.

निवृत्त होताना मी एक पितळी गोळा विकत घेऊन घरी आणला. शेजारी भाड्यानं राहणारी बी.एड.ची एक मुलगी परवा पाठाची तयारी करत होती, नववीसाठी. तिला गॅलरीत बोलावलं, छताच्या हुकाला दोरा बांधला, झोका दोन बोटांएवढा दिला. ती मोजत होती, मी गप्प बसले होते. शंभर झाल्यावर तिनं घड्याळ दाबलं. मी विचारलं, "कितना आया?" तिनं उत्तर दिलं नाही. आधी पेनचं टोपण काढलं आणि आकडा वहीत लिहिला.