वाटलं आणि दिसलं

५० मीटरवर पॉइंट टू-टूच्या गोळीचं छिद्र ५.६ मिलिमीटरचं. नुसत्या डोळ्याला ते दिसत नाही, त्यात काळ्या वर्तुळात पडलं तर काळ्यावर काळं. आमच्या रेंजवर अजून कागदी टार्गेट आहेत, म्हणून स्पॉटिंग स्कोप घेणं आलं.

इंजिनिअर असल्यामुळे आधी एक्सेल शीट केली. २० ते ६० पट झूम, ६० मिमीचं भिंग. ६० पट म्हणजे भारीच! पण ६० ला ६० नं भागा: डोळ्यात शिरणारा प्रकाशाचा झोत उरतो १ मिमीचा. २० पटीला तोच ३ मिमी. शिवाय दुपारी जमीन तापली की छिद्राबरोबर हवेची थरथरही मोठी दिसते. मी २५ च्या वर क्वचितच जातो. वरच्या झूमचे पैसे गेले ते गेले.

आयपीस ४५ अंशांत वाकवलेला घेतला, हे मात्र बरं केलं. पालथं पडून, रायफल खांद्यावरून न काढता, मान जराशी वळवली की झालं.

इतकं सोपं झालं की मी प्रत्येक गोळीनंतर बघायला लागलो. नऊ दिसला की चिडून घाई, मग आठ.

कोच मॅडम म्हणाल्या, "आधी सांग कुठे गेली. मग बघ."

"दहा. किंचित उजवीकडे."

बघितलं. सात, डावीकडे.

ऑफिसात 'माझ्या मशीनवर तर चालतंय' हे मी याच आवाजात म्हणतो.

आता वहीत दोन रकाने आहेत: वाटलं, दिसलं. काल ६० पैकी २३ जुळले.