गुरुगृह दूर असतां

ज्यानें सारें आयुष्य इतरांच्या परीक्षा घेण्यांत घालविलें, त्यास परीक्षा म्हणजे काय हें उतारवयांत घरच्याच एका चौदा वर्षांच्या मुलीकडून शिकावें लागलें, हें कबूल करतांना थोडा संकोच वाटतो. तथापि जी गोष्ट आम्हां घरच्यांना उपयोगी पडली, ती आडगांवीं राहणाऱ्या दुसऱ्या एखाद्या कुटुंबासही पडेल, या आशेनें ती येथें सांगत आहें.

डहाणूस समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आमचें जुनें घर आहे. पुढें सारवलेलें अंगण, मागें चिकूचीं दहा-बारा झाडें, आणि एका चुलीवर तीन भावांचा संसार. मी मधला, तीस वर्षें गणित शिकवून निवृत्त झालों. थोरल्या वहिनी घराच्या कर्त्या. त्यांचा धाकटा मुलगा नोकरीनिमित्त पुण्यास होता, तो तीन वर्षांपूर्वीं बदली मागून घेऊन सहकुटुंब घरीं परतला. त्याच्या मुलीच्या सामानांत एक जाडजूड पांढरा अंगरखा आणि एक पिवळा पट्टा निघाला. पुण्यास ती दोन वर्षें ज्यूडो शिकत होती. दुसऱ्याच दिवशीं तिनें मला विचारलें, “आजोबा, इथं ज्यूडो कुठं शिकवतात?”

आम्हीं चौकशी केली. डहाणूंत केली, तलासरीस ओळखीचे शिक्षक होते त्यांच्याकडे केली. कराटे शिकविणारे भेटले, कुस्तीचे शौकीन भेटले; परंतु ज्यूडोचा जाणता माणूस कांहीं आमच्या माहितींत निघाला नाहीं. वहिनींना यांत दुःख झालें नाहीं. “झालं तें पुष्कळ झालं, भावोजी,” त्या म्हणाल्या. “धरून आपटायचं शिक्षण घेऊन मुलीला करायचं काय?” मुलगी कांहीं बोलली नाहीं. मात्र तो अंगरखा घडी करून तिनें उशाशीं ठेवला, हें मीं पाहिलें.

अशांत मला एक सोपा मार्ग सांपडला. एका संस्थेकडून असें कळलें कीं, घरच्याघरीं केलेल्या डावांचें चित्रण व ठरलेली फी पाठविली, म्हणजे पिवळ्यावरून एकदम तपकिरी पट्ट्याचें प्रमाणपत्र टपालानें घरपोंच येतें. कागदावर सोनेरी मोहोर व ‘आंतरराष्ट्रीय’ असा शब्दही होता. गुरुगृह दूर आहे, मुलगी हौशी आहे, मग यांत बिघडलें काय, असा विचार करून मीं अर्ज भरला आणि मोठ्या प्रौढीनें तिला दाखविला.

तिनें तो दोनदां वाचला. मग म्हणाली, “आजोबा, तुम्हीं कधीं पेपर न तपासतां गुण दिले होते का?”

माझ्याजवळ उत्तर नव्हतें. अर्ज फाडून टाकला, आणि ही विद्या व तिच्या पायऱ्या आहेत तरी काय, हें पाहण्यासाठीं पुस्तकें मागविलीं.

त्यांत पहिलें नवल हें आढळलें कीं, ज्यूडोचे जनक जिगोरो कानो यांसही तरुणपणीं गुरु सांपडत नव्हता. कानो १८६० मध्यें जन्मले. अंगानें किरकोळ आणि शाळेंत दांडग्या मुलांकडून छळलेले, म्हणून त्यांस जुजुत्सु ही जुनी झुंजविद्या शिकावयाची होती. परंतु त्या काळीं जपानांत पाश्चात्य सुधारणेचें वारें वाहत असून ही विद्या मागें पडली होती. तिचे कित्येक जाणते हाडें बसविण्याच्या धंद्यावर पोट भरीत. म्हणून कानो तोकियोंत हाडवैद्यांच्या पाट्या शोधीत हिंडले, आणि अशाच एका हाडवैद्याच्या सांगण्यावरून १८७७ मध्यें फुकुदा हाचिनोसुके यांच्या पायांशीं पोंचले. दोन वर्षांनीं फुकुदा वारले. मग दुसरे गुरु, ते गेल्यावर तिसरे. तालमींतील एक धिप्पाड सोबती कांहीं केल्या पडेना, तेव्हां कानोंनीं पाश्चात्य कुस्तीवरील पुस्तक वाचून त्यांतून खांद्यावर उचलून टाकण्याचा एक डाव बसविला. पुस्तकावरून शिकणें त्यांनीं कमी लेखलें नाहीं. परंतु तो डाव साधला कीं नाहीं याचा निकाल पुस्तकानें नव्हे, त्या सोबत्यानेंच दिला.

पुढें १८८२ मध्यें कानोंनीं तोकियोंतील एका बौद्ध मंदिरांत बारा चटयांच्या जागेंत आपली कोदोकान ही शाळा काढली, आणि १८८३ मध्यें दोघां शिष्यांस पहिली ‘दान’ पदवी दिली. आज जगभर काळ्या पट्ट्याच्या रूपानें जी पायरी ओळखली जाते, तिचा आरंभ तो. त्या पदवीस मोल आलें तें कागदामुळें नव्हे. ती देणाऱ्यानें घेणाऱ्यास शेंकडों वेळां पडतांना आणि पाडतांना स्वतः पाहिलें होतें, म्हणून आलें. १९५१ मध्यें आंतरराष्ट्रीय ज्यूडो महासंघ स्थापन झाला. त्याच्याशीं देशाचा महासंघ, त्याच्याशीं राज्याची संघटना, आणि शेवटीं जिल्ह्यांतला शिक्षक, अशी ही साखळी जोडलेली आहे. मान्यता म्हणजे ही साखळी. तिच्या या टोंकाला असा एक जिवंत माणूस असावा लागतो, कीं ज्यानें विद्यार्थ्याला डोळ्यांनीं पाहिलें आहे.

आमच्या घराला हें वास्तविक नवें नव्हतें. माझी धाकटी भावजय डहाणूंतच पेटी शिकली आणि परीक्षेपुरती केंद्रावर जाऊन गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद झाली. परंतु गाणें एकट्यानें घोटतां येतें. ज्यूडोंत दुसऱ्याची बाही हातांत असल्याखेरीज पहिला डावही उभा राहत नाहीं.

मग आम्हीं ठरविलें कीं, गुरु दूर असेल तर दूर जावयाचें. डहाणू रोड स्टेशन चर्चगेटपासून सुमारें सव्वाशें किलोमीटर. २०१३ पासून उपनगरी गाडी येथपर्यंत येते, हा मोठा आधार. मुंबईच्या एका उपनगरांत राज्य संघटनेशीं जोडलेला एक वर्ग मिळाला. एक रविवार सोडून एक रविवार, पहांटेची गाडी, कधीं तिचे वडील बरोबर, कधीं मी. तेथील शिक्षकांनीं पहिल्याच भेटींत तीन अटी घातल्या. घरीं कोणी जाणता नसतां कोणास पाडावयाचें नाहीं. घरीं फक्त दोन गोष्टी करावयाच्या: पडण्याचा सराव, आणि डावाच्या अगदीं शेवटच्या क्षणापर्यंत शिरून परत मागें येणें. आणि तिसरी अट अशी कीं, जोडीदार आणा. एकट्या मुलीला मी काय शिकविणार?

जोडीदार मिळाली ती शाळेंत. तलासरीकडील एका पाड्यावरची ही मुलगी डहाणूस वसतिगृहांत राहून नातीच्याच वर्गांत शिकत होती. वहिनींनीं हरकत काढली, “परक्याची लेक. कुठं कांहीं मोडलं, तर तिच्या आईबापांना काय तोंड दाखवायचं?” हरकत खोटी नव्हती. म्हणून नातीला व तिच्या मैत्रिणीला घेऊन एस्. टी. नें मी त्या पाड्यावर गेलों. मुलीच्या वडिलांनीं सारें ऐकून घेतलें आणि एवढेंच विचारलें, “गुरुजी, पडायला शिकवतात कीं पाडायला?”

मी म्हणालों, “आधीं पडायला.”

“मग जाऊं द्या,” ते म्हणाले. “आम्ही ताडावर चढणारी माणसं. पडायचं कसं तें माहीत असलेलं बरं.”

त्या दिवसापासून संध्याकाळीं डहाणूच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांपलीकडे वाळूंत दोघी पडूं लागल्या. हनुवटी छातीशीं, पाठ वाटोळी, आणि अंग भुईला लागतें त्याच क्षणीं पुऱ्या हाताची भुईवर थाप. कोपर टेंकावयाचें नाहीं, मनगट पुढें करावयाचें नाहीं. शंभर वेळां मागें, शंभर वेळां बाजूला. अंगणांत मग बाही धरून शिरण्याचा सराव चाले, आणि मी पायरीवर बसून मोजीत असें. माणसाला पडण्याचें भय असतें, म्हणून तो ताठ होतो; आणि ताठ होतो, म्हणूनच त्याला लागतें, हें इतक्या वर्षांत प्रथमच मला उमगलें.

अंगणास शाळा करण्याची ही कल्पना आमच्या तालुक्यास परकी नव्हे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ मध्यें बोर्डीस ग्रामबालशिक्षणाचें काम आरंभिलें आणि १९५७ मध्यें तें कोसबाडच्या टेंकडीवर नेलें. जें मूल शाळेंत येत नाहीं, त्याच्या दारीं शाळेनें जावें, या विचारानें त्यांनीं अंगणांत आणि गुरें चरतात त्या कुरणांतही वर्ग भरविले. रवींद्रनाथांनीं १९२९ मध्यें शांतिनिकेतनांत ज्यूडो सुरू करावयाचें ठरविलें, तेव्हां त्यांसही शिंझो ताकागाकी या शिक्षकास जपानांतून बोलवावें लागलें. कोठें शाळा मुलांकडे जाते, कोठें गुरु शाळेकडे येतो, कोठें विद्यार्थी गुरूकडे जातो. कोणीतरी कोणाकडे गेल्यावांचून मात्र विद्या होत नाहीं.

वर्षभरानें दोघींची परीक्षा झाली. नातीची नारिंगी पट्ट्याची, मैत्रिणीची पिवळ्या. परीक्षक अनोळखी होते. नातीनें कमरेवरून टाकण्याचा डाव इतका झटक्यांत केला कीं, मीं मनांतल्या मनांत तिला पैकीच्या पैकी गुण देऊन टाकले. निकालांत मैत्रीण उत्तीर्ण, आणि आमची मुलगी अनुत्तीर्ण.

परीक्षकांनीं तिला जवळ बोलावून सौम्यपणें सांगितलें, “डाव चांगला झाला. पण ती खालीं जात असतां तिची बाही तूं सोडलीस. ज्याला पाडायचं, त्याला शेवटपर्यंत धरून ठेवायचं. म्हणजे त्याला लागत नाहीं. तें आलं कीं पट्टा घेऊन जा.”

परतीच्या गाडींत ती खिडकीबाहेर पाहत बसली. तिची समजूत घालावी म्हणून मीं तिला केइको फुकुदा यांची गोष्ट सांगितली. कानोंचे पहिले गुरु फुकुदा यांची ही नात. १९१३ मध्यें जन्मली, १९३५ मध्यें कानोंच्या बोलावण्यावरून ज्यूडो शिकूं लागली. १९५३ मध्यें तिला पांचवी पदवी मिळाली. पण स्त्रीनें त्यावर चढावयाचें नाहीं असा तेव्हांचा पायंडा, त्यामुळें सहावीसाठीं १९७२ उजाडलें. कोदोकाननें नववी पदवी दिली ती २००६ मध्यें, आणि अमेरिकेंतील संघटनेनें दहावी दिली तेव्हां, २०११ मध्यें, ही बाई अठ्ठ्याण्णव वर्षांची होती. २०१३ मध्यें वारली. तोंपर्यंत शिकवीतच होती.

ऐकून नात म्हणाली, “त्यांच्यावर अन्याय झाला, आजोबा. माझ्यावर झाला नाहीं. मीं खरंच बाही सोडली होती.” इतकें बोलून तिनें मैत्रिणीचा पिवळा पट्टा हातांत घेतला आणि गांठ कशी सरळ बसवावी तें तिला दाखविलें.

घरीं आल्यावर वहिनींनीं सारें विचारून घेतलें. टाकतांना जोडीदाराला लागूं द्यावयाचें नाहीं, आणि तेवढ्यासाठींच मुलीला नापास केलें, हें ऐकून त्या बराच वेळ गप्प राहिल्या. “अस्सं शिकवतात होय!” एवढेंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशीं पाहतों, तों मैत्रिणीच्या अंगरख्याची बाही काखेंत उसवली होती, ती त्यांच्या मांडीवर, आणि गोधडीला घालतात तसे बारीक दुहेरी टांके त्या घालीत होत्या. मला म्हणाल्या, “भावोजी, पुढल्या रविवारीं दोघींचा डबा मी देईन. बाहेरचं खायला घालूं नका.”

आठ महिन्यांनीं नातीला नारिंगी पट्टा मिळाला. काळा अजून फार दूर आहे. हिरवा, निळा, तपकिरी अशा पायऱ्या मध्यें आहेत, आणि काळ्यासाठीं तर ठरावीक डावांचा एक क्रमच जोडीदारासह करून दाखवावा लागतो. त्यांत पडणारीलाही पाडणारीइतकेंच नीट यावें लागतें. त्या वाटेवर दोघी कोठवर जातील तें मी सांगूं शकत नाहीं. पुढल्या वर्षीं बारावी आहे, वसतिगृहाचें सुटणें आहे, संसारांतल्या शंभर अडचणी आहेत.

ज्या घरांतील मुलाचें मन अशा एखाद्या विद्येवर जडलें असेल, आणि शिकविणारा मात्र जवळ नसेल, त्यांना माझें एवढेंच सांगणें आहे. घरपोंच येणाऱ्या प्रमाणपत्रास भुलूं नका; तें कोण मान्य करतो आणि त्यानें मुलाला केव्हां पाहिलें, हे दोन प्रश्न आधीं विचारा. गाडीभाडें व रविवार खर्च करा. आणि मुलाला एक सोबती मिळवून द्या, मग तो कोणत्याही दारचा असो. आमच्या अंगणांत आजही संध्याकाळीं दोघी समोरासमोर उभ्या राहून वांकून नमस्कार करतात, मी मोजूं लागतों, आणि ओटीवरून वहिनींचा आवाज येतो, “बाही सोडूं नका गं!”