चुली वेगळ्या, ग्राउंड एक

तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्ये एक ‘डॅक’ असतो. डिजिटल टू अ‍ॅनालॉग कन्व्हर्टर. गाण्याची फाइल म्हणजे नुसते आकडे. त्या आकड्यांची विजेची लाट होते, तेव्हा कुठे इअरफोनमधून किशोरीताई ऐकू येतात. २०१६ मध्ये आयफोन ७ ने हेडफोनचं भोक बंद केलं, तेव्हापासून हा डॅक अनेकांच्या चार्जिंग पोर्टला लटकणाऱ्या छोट्याशा डोंगलमध्ये जाऊन बसलाय. बहुतेकांचं त्यात मस्त भागतं. मग कुणी शहाणा माणूस तोच डॅक घरी, हातात सोल्डरिंग गन घेऊन, का बनवेल?

आमच्याकडे त्याला दोन कारणं होती. एक नानाकाका. दुसरं, चुली.

आमचं घर पाचोऱ्याला. मुंबई-भुसावळ लाइनवरचं, जळगावच्या अलीकडचं गाव. जामनेरला जाणारी नॅरोगेज ‘पीजे’ इथूनच सुटायची. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ती थांबली आणि मग ती छोटी गाडी पुन्हा काही धावली नाही. आमच्या घरातही साधारण तसंच झालं. भांडण नाही, आरडाओरडा नाही. एका दिवाळीनंतर पप्पा आणि नानाकाकांच्या चुली वेगळ्या झाल्या, मग लाइटचे मीटर वेगळे झाले आणि मधली बैठक तेवढी कॉमन राहिली. दोघं भाऊ तिथे पेपर वाचायचे. एकच पेपर, पानं वाटून. पण बोलणं? ‘पाणी आलं का?’ एवढंच.

फ्रीलान्सिंगचा एक फायदा म्हणजे ऑफिस बॅगेत मावतं. गेल्या वर्षी दोन महिने मी घरूनच काम केलं. नानाकाकांनी आयुष्यभर रेडिओ-टीव्ही दुरुस्त केले. दुकान कधीच बंद झालं, पण मल्टिमीटर अजून उशाशी असतो. मी लॅपटॉपवर गाणी ऐकतेय हे बघून म्हणाले, “काय ऐकून राहिली वं माय? निस्ता पत्रा वाजून राहिला!”

आणि मग त्यांनी मला थेट फंडाच समजावला.

सीडीचा आवाज १६ बिटचा. म्हणजे आवाजाच्या उंचीला ६५,५३६ पायऱ्या. आउटपुट २ व्होल्टचं धरलं, तर एक पायरी साधारण ८६ मायक्रोव्होल्टची. एका व्होल्टचे अकरा हजारांहून जास्त तुकडे करा, त्यातला एक! आता याच पेटीत यूएसबीचा डिजिटल बोर्ड सेकंदाला लाखो वेळा झटके देत करंट ओढत असतो. सप्लाय एकच असेल, तर प्रत्येक झटक्याला व्होल्टेज किंचित हलतं आणि ते हलणं गाण्यात उतरतं. तानपुऱ्याची बारीक जवारी पहिली बळी जाते.

“म्हणून,” काका म्हणाले, “ज्याची त्याची चूल वेगळी पाहिजे.”

हे वाक्य बैठकीत बोललं गेलं. पप्पांनी पेपर जरा वर धरला.

चिप कोणती घ्यायची, हेही काकांचं ठरलेलं होतं. फिलिप्सची टीडीए१५४१ए. ऐंशीच्या दशकातली, २८ पायांची, हाताने सोल्डर करता येईल अशी ऐसपैस. आता ती बनत नाही आणि बाजारात नकली फार. पण एक अस्सल चिप आमच्या घरातच होती, पप्पांच्या बंद पडलेल्या सीडी प्लेअरमध्ये. पप्पांच्या पहिल्या मोठ्या खरेदीला हात लावायचा म्हणजे परवानगी हवी. काका विचारणार नाहीत, हे मला माहीत होतं. मी विचारलं. पप्पा बराच वेळ गप्प. मग कपाटावरून प्लेअर स्वतःच काढला, धूळ पुसली आणि म्हणाले, “त्याला म्हणावं, नीट काढ. पाय मोडायचा नाही.” काका दोन हातांवर बसलेले होते, तरीही निरोप माझ्यामार्फत!

ही चिपही नखरेल. तिला एकटीला तीन सप्लाय लागतात: अधिक ५, उणे ५ आणि उणे १५ व्होल्ट. यूएसबी बोर्डाचा चौथा. शेवटच्या ऑप-अ‍ॅम्पची अधिक-उणे १५ ची जोडी पाचवी. पार्टसाठी मी मुंबईत ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडला एक चक्कर मारली. एलएम३१७, एलएम३३७, कपॅसिटरच्या पुड्या. दोन ट्रान्सफॉर्मर मात्र पाचोऱ्यातच, शेतातल्या जळक्या मोटरी भरणाऱ्या वाइंडिंगवाल्याकडून बांधून घेतले. एक डिजिटलचा, एक अ‍ॅनालॉगचा.

तिथे गावाचं शहाणपण कामी आलं. उणे १५ साठी १५ व्होल्टचं वाइंडिंग पुरेल, असं माझं गणित. काकांनी सॉकेटला मीटर लावून दाखवला. संध्याकाळी सात वाजता १८५ व्होल्ट! म्हणजे २३० वर १५ देणारं वाइंडिंग डायोडच्या पुढे जेमतेम पावणेसोळा देणार आणि रेग्युलेटरला तर वर दोन-अडीच व्होल्टची ऐस हवी. “मुंबईले पंधरा चालतीन. इथं अठरा भर.” अठराचं भरलं.

सगळं जुन्या स्टॅबिलायझरच्या पत्र्याच्या डब्यात बसवलं. पहिल्या दिवशी काकांनी मुद्दाम पाचही सप्लायच्या ग्राउंडच्या वायरी एकीतून दुसरीत अशा साखळीने जोडून मला ऐकवलं. स्पीकरमधून भुंग्यासारखी गुणगुण. मग त्या सोडवल्या आणि पाचही वायरी वेगवेगळ्या आणून मधल्या एकाच बोल्टवर कसल्या. गुणगुण गायब.

“चुली कितीबी कर,” काका बोल्ट आवळत म्हणाले, “ग्राउंड एकाच जागी मिळालं पाहिजे. नाहीतर हरेकाचा शून्य वेगळा. मग एकमेकांशी जुळत नाही, नुस्ती कुरकुर.”

ते माझ्याशीच बोलत होते. पण आवाज जरा मोठा होता.

पप्पा उठले. आता हे आत जाणार, असं मला वाटलं. ते आत गेलेही आणि भीमसेनजींची एक सीडी घेऊन आले. मी ती लॅपटॉपवर लावली. आलाप सुरू व्हायच्या आधीचा नुसता तानपुरा. पप्पांनी पेपरची घडी केली. थोड्या वेळाने म्हणाले, “नाना, हे आधी ऐकू येत नव्हतं रे.” काका म्हणाले, “होतं. दबलं होतं.”

सिनेमात यानंतर दोन्ही घरांचा स्वयंपाक एकत्र होतो. आमच्याकडे चुली अजून दोनच आहेत आणि खरं सांगायचं तर त्यात दोन्ही काकूंना, म्हणजे माझ्या आईला आणि नानाकाकूला, जरा मोकळा श्वासही मिळालाय. तो कुणी हिरावून घेऊ नये. फक्त वांग्याचं भरीत झालं की वाटी इकडून तिकडे जाते आणि रिकामी परत येत नाही.

वाद एकच उरला: डबा कुणाच्या मीटरवर? तो खातो १५ वॉट. रोज दोन तास धरले, तर महिन्याला एक युनिटही नाही. तरी दोघं अडून बसले, ‘माझ्याच’ म्हणून! शेवटी काकांनी बैठकीत चेंजओव्हर स्विच बसवला. एक आठवडा इकडून, एक आठवडा तिकडून. दर रविवारी सकाळी पेपर वाचून झाला की दोघांपैकी एक जण उठून तो फिरवतो.

या आठवड्यात तो पप्पांच्या बाजूला आहे.