कॅरिअरवर काय आहे

पुण्यात अलका टॉकीजच्या चौकात सिग्नल लागला होता आणि माझ्या रिक्षाशेजारी एक सायकल येऊन थांबली. कॅरिअरवर आरसा. कपाटाच्या दाराला बसवतात तसा लांबुळका, सायकलला समांतर उभा धरून सीटला आणि कॅरिअरला सुतळीनं आवळलेला, कडांना जुन्या साडीच्या चिंध्या. त्या आरशात माझ्या बाजूचा सगळा चौक मावला होता. बसचा लाल पट्टा, झाडाची एक फांदी, फलकावर वाढदिवसाचा हात जोडून उभा असलेला कुणी भाऊ, आणि खाली कोपऱ्यात रिक्षातून डोकावणारी मी. सिग्नल सुटला, त्यानं एक पाय जमिनीला रेटून पायडल मारलं, आणि भाऊ, फांदी, बस असं सगळं एकामागोमाग आरशातून निसटत गेलं. त्या बिचाऱ्याला यातलं काहीच दिसत नव्हतं. तो समोरचा खड्डा बघत होता.

फोटो निघाला तो असा : त्याचा अर्धा चेहरा, पायडलवरची झिजलेली चप्पल, आणि आरशात तोंडासमोर फोन धरलेली एक बाई. माझ्या संग्रहातला तो माझा एकमेव बरा फोटो आहे.

सायकलवाल्यांचे फोटो मी कधीपासून काढायला लागले ते सांगता येणार नाही, पण का काढते याचा थोडा अंदाज आहे. रस्त्यावर आता माणूस दिसतच नाही. चारचाकीत काळ्या काचा, दुचाकीवर हेल्मेट, त्याखाली स्कार्फ, त्यावर गॉगल. सायकलवरचा माणूस मात्र टाचेपासून टाळूपर्यंत उघडा सापडतो. सीट उंच आहे की गुडघे छातीला लागतायत, पँटची मोरी चेनमध्ये अडकू नये म्हणून रबरबँड लावलंय की मोज्यात खोचलंय, डबा हँडलला लटकलाय की कॅरिअरच्या चिमट्यात दाबलाय. दूध, गॅसचं सिलिंडर, कोंबड्या, ट्यूबलाइटचा जुडगा, पोरगं. घरात आज काय येणार आणि काय नाही, ते मागून चालत येणाऱ्यालासुद्धा कळतं.

माझी आवडनिवड अगदी पक्षपाती आहे, हेही सांगून टाकते. भल्या पहाटे सिंहगड रस्त्याला लागणारे अंगासरशी रंगीत कपड्यांतले सायकलस्वार मी टिपत नाही. त्यांची तब्येत उत्तम राहो, पण त्यांच्या सायकलीला कॅरिअरच नसतं. आणि फोटोची त्यांना वाण नसते, घाटमाथ्यावर पोचल्याबरोबर ते एकमेकांचे काढतातच. अॅम्स्टरडॅमलाही माझा विरस झाला होता. तिथे वकील सायकलवर, आजी सायकलवर, पुढच्या लाकडी पेटीत तीन मुलं आणि एक कुत्रा घालून आई सायकलवर. पहिल्या दिवशी मी वेड्यासारखी बटण दाबत होते, तिसऱ्या दिवशी कॅमेरा पिशवीत गेला. तिथल्या कालव्यांच्या तळातून दरवर्षी हजारोंनी सायकली उपसून काढतात म्हणे. एवढी सुबत्ता असली की नजर सैलावते. मला बहुधा गर्दीत एकटी पडलेली सायकल लागते, बसच्या आणि फुटपाथच्या मधल्या हातभर पट्टीतून वाट काढणारी.

ती टिपायची तर युक्ती सोपी आणि हात कठीण. शटर एक तीसांश सेकंदापर्यंत खाली आणायचं, सायकलवाला समोरून जाताना कंबरेतून त्याच्याबरोबर वळायचं, आणि वळता वळताच बटण दाबायचं. जमलं तर चेहरा स्वच्छ येतो, मागचं शहर आडव्या रेघांमध्ये विरघळतं आणि चाकांतल्या तारा दिसेनाशा होतात. नाही जमलं तर सगळंच विरघळतं. फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँनं 1932 मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या इएर गावी नेमकं उलटं केलं. तो ऐन पंचविशीच्या आतला. वरून खाली बघितलं तर गोल उतरत जाणारा दगडी जिना, लोखंडी कठडा, आणि तळाशी वळण घेणारा रस्ता. जिना कडा न् कडा रेखीव, आणि त्या वळणावरून सुळकन जाणारा सायकलस्वार तेवढा पुसट. चौकट आधी, माणूस नंतर. मी ते कसब पुण्यात करून बघते. शनिवार पेठेत एखादं जुनं दार, एखादा कोनाडा हेरून उभी राहते. पण आपल्याकडे दोन मिनिटांत कुणीतरी येऊन विचारतं, "कुणाला शोधताय?" आणि मग त्यांना सायकलवाला शोधतेय असं सांगावं लागतं.

धारवाल्यासाठी हे काही करावं लागत नाही. तो सायकल स्टँडवर चढवतो, सीटवर बसतो, पायडल मारतो आणि कुठेच जात नाही. मागचं चाक हवेत फिरतं, पट्ट्यावरून हँडलजवळचा सहाणेचा दगड फिरतो, सुरीच्या पात्यावरून ठिणग्या त्याच्या पोटाकडे उडतात. वेगात असलेला आणि जागच्या जागी असलेला असा सायकलस्वार दुसरा नाही. आमच्या गल्लीत येतो त्याला मी विळी, दोन सुऱ्या आणि एकदा तर बागेतली कात्रीसुद्धा नेऊन दिली, धारेची गरज नसताना.

चुटूपालूच्या घाटात मात्र सायकलवर कुणी बसलेलंच नव्हतं.

रांचीला एका मैत्रिणीच्या मुलाचं लग्न होतं. लग्न आटोपल्यावर दुसऱ्या दिवशी आम्ही राजरप्पाला निघालो. तिथे दामोदर आणि भेरा या नद्यांच्या संगमावर छिन्नमस्तेचं देऊळ आहे. रांची पठारावर वसलेली. रामगडकडे जायचं तर चुटूपालू घाट उतरावा लागतो. आमची गाडी उतरत होती आणि समोरून पोती चढत येत होती. आधी खरंच पोतीच दिसली. फुगलेली, एकावर एक रचलेली, रस्त्याच्या कडेनं सरकणारी. मग खाली दोन चाकं दिसली. मग पोत्यांच्या पलीकडून, बैल जू ओढतो तसा मान खाली घालून जोर लावणारा माणूस. त्याच्या मागे दुसरा, मग तिसरा. कोळसा होता. खाणींच्या भागात जुन्या, बंद पडलेल्या, कागदावर कुणाच्याच नसलेल्या खड्ड्यांतून उकरलेला कोळसा गावात थोडा भाजून घेतात आणि हे लोक तो सायकलींवर लादून शहरात नेतात. हॉटेलांच्या भट्ट्यांना, घरच्या चुलींना विकतात. एका सायकलवर दोनशे-अडीचशे किलो.

मी गाडी थांबवायला लावली. उतरले, कॅमेरा काढला. सगळ्यात जवळ होता त्याची सायकल नीट बघितली. दोन्ही बाजूंना उभी पोती, मधल्या त्रिकोणात ठासलेलं एक, कॅरिअरवर दोन आडवी. जिथे माणसानं बसायचं तिथेही कोळसाच. चौकटीला जागोजागी लोखंडी पट्ट्यांचे जोड दिलेले. चेन नव्हतीच. पायडल नव्हतं. घंटी कशी कोण जाणे, शाबूत होती. त्याचा डावा हात हँडलवर, उजवा पोत्याच्या मागे, आणि अंग रस्त्याशी इतकं तिरकं की पोती काढून घेतली असती तर तो तोंडावर पडला असता.

मी कॅमेरा वर केला तसा तो न थांबता म्हणाला, "मैडम, फोटो बाद में. पहले ठेलिए."

मी ठेललं. लग्नातली सिल्कची ओढणी कमरेला बांधली, दोन्ही तळवे पोत्याला लावले आणि ठेलायला लागले. माझ्या जोरानं काही फरक पडत होता असं मला वाटत नाही, पण त्याची मान किंचित वर आली. मग बोलायला लागला. रात्री अर्ध्या वाटेवर रस्त्याकडेला झोपतात. चढ पहाटे गाठायचा असतो, आज उशीर झाला. एकट्यानं निघत नाहीत, वळणावर एकमेकांच्या सायकली आळीपाळीनं चढवतात. टायर लवकर जातात. पाऊस आला तर कोळसा पाणी पितो आणि जड होतो, पैसे मात्र तेवढेच. मी कुठली ते त्यानं विचारलं. पुणे त्याला ठाऊक होतं, त्याच्या गावचं कुणीतरी तिकडे कारखान्यात होतं. मी म्हटलं, आमचं पुणं एकेकाळी सायकलींचं शहर म्हणून प्रसिद्ध होतं. खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा भोंगा झाला की रस्ताभर नुसत्या सायकली. सगळे सायकल चालवायचे.

"चलाते थे?" तो म्हणाला. "बैठकर?"

आणि मागचे दोघेही हसले. मीही हसले, पण ठेलता ठेलता हसता येत नाही, दम लागतो.

वळण संपल्यावर थोडी सपाटी आली. त्यानं एक दांडकं काढून पोत्याखाली टेकू दिला, सायकल त्यावर रेलून उभी केली आणि पाणी प्यायला. मी फोटो काढले, रीतसर, त्याला विचारून. ते चांगले आहेत. प्रकाश चांगला, चेहरे चांगले, मागे साल वृक्षांची रांग. पण घरी मी दाखवते तो आमच्या ड्रायव्हरनं त्याच्या फोनवर काढलेला, तिरका, क्षितिज एका बाजूला घसरलेलं. त्यात पोती आहेत, खाली चार पाय आहेत आणि कमरेला बांधलेली राणी रंगाची ओढणी. ती ओढणी पुढे धुतली तरी तिच्या जरीतून काळं गेलं नाही.

व्हिएतनाममध्ये हानोईच्या लष्करी संग्रहालयात अशीच एक सायकल बघायला मिळाली आणि मी तिच्यापुढून हलेना. 1954 मध्ये दिएन बिएन फूच्या लढाईत फ्रेंच सैन्य दरीत तळ ठोकून होतं आणि व्हिएतनामी लोक तांदूळ आणि दारूगोळा सायकलींवर लादून डोंगरातून पोचवत होते. हँडलला एक बांबू बांधून ते बाजूला लांबवायचं, सीटच्या जागी दुसरा बांबू उभा ठोकायचा, म्हणजे ओझ्याच्या बाहेर राहून सायकल वळवताही येते आणि ढकलताही येते. दोनशे किलो सहज, आणि कुणी कुणी तर साडेतीनशेपर्यंत नेले. त्यातल्या बऱ्याच सायकली प्युजो कंपनीच्या, म्हणजे फ्रान्सच्याच. फ्रेंचांना कळलं असेल तेव्हा कसं वाटलं असेल, असा दुष्ट विचार माझ्या मनात आला आणि तो मी आवरला नाही.

चौकटीतल्या वरच्या आडव्या दांडीबद्दल माझं एक वेगळंच प्रेम आहे. ती असेल तर पुरुषांची सायकल, नसेल तर लेडीज, अशी आपली समजूत. तमिळनाडूत पुदुकोट्टई जिल्ह्यात नव्वदीच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेच्या जोडीनं हजारो बायका सायकल शिकल्या. शीला राणी चुंकत तेव्हा तिथल्या कलेक्टर होत्या. मागणी एवढी वाढली की लेडीज सायकली पुरेनात, तेव्हा बायकांनी सरळ जेन्ट्स घेतल्या. आणि काहींना त्याच जास्त पसंत पडल्या, कारण दांडीवर मूल बसवता येतं. पत्रकार पी. साईनाथांच्या 'दुष्काळ आवडे सर्वांना' या पुस्तकात हे आहे. मराठवाड्यात शाळा सुटायच्या वेळी सरकारी योजनेतल्या एकसारख्या सायकली घेऊन मुली घोळक्यानं जाताना दिसतात. सायकल एका छापाची असली तरी कुणाच्या हँडलला रिबिनी, कुणाच्या मडगार्डवर नावाचा स्टिकर, कुणाच्या तारांत मणी. त्यांचे फोटो मी लांबूनच काढते. जवळ गेलं की सगळ्या थांबून रांगेत उभ्या राहतात, दोन बोटं वर करतात, आणि सायकली आडव्या पडतात.

गोव्यात तर मी कॅमेरा घेऊन दारात उभी राहते आणि तरी दर वेळी पोदेर, म्हणजे पाववाला, निसटतो. पहाटे रबरी भोंग्याचा पों पों आवाज पोर्तुगीज घरांच्या मागून कुठूनतरी येतो, मग दुसऱ्याच गल्लीतून येतो. मागे वेताची मोठी टोपली, वर निळं प्लास्टिक. हल्ली बरेच पोदेर मोटरसायकलवर फिरतात, भोंगा तोच ठेवलाय. सायकलवाला एक आमच्या नेहमीच्या मुक्कामाच्या वाड्यात अजून येतो. त्याची कोकणी कानडी वळणाची आहे आणि हिशेब तोंडी. तो टोपलीवरचं प्लास्टिक उचलतो तेव्हा वाफ अशी काही येते की कॅमेऱ्याच्या काचेवर धुकं धरतं. ते पुसेपर्यंत शेजारच्या बायका पुढे सरतात. मग मी गुमान कॅमेरा कठड्यावर ठेवते आणि हात पुढे करते. कोंड्याची पोई, एकेकाळी माडाची सूर घालून फुगवायचे ती. उंडे, वरून कडक आणि आत मऊ. आणि कांकणं, बांगडीसारखी, चहात बुडवल्याशिवाय दात न लागणारी. पोई सगळ्यांनाच आवडते, तिची मी काळजी करत नाही. पण कांकणं तो मोजकीच आणतो, आणि समोरच्या घरातली आजी रोज सहा घेते.